पाचही विषय एकदम भरायला लावू नका : अभ्यासकेंद्रांचे समन्वयक आणि मुख्याध्यापक यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या मुक्त शिक्षण अभ्यासकेंद्रांचे समन्वयक आणि माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक यांस

सप्रेम नमस्कार.

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्था, म्हणजे एनआयओएस, या शाळेबाहेरून दहावी-बारावी देता येणाऱ्या मंडळाच्या दहावीला बसणाऱ्या मुलांचे अर्ज, स्वाध्याय, हॉल तिकिटं आणि निकाल यांतच आमचं काम चालतं. तुमच्यापैकी अनेकांशी त्या निमित्ताने बोलणं होतंच, म्हणून प्रस्तावना लांबवत नाही. मागणी एकच आहे. पहिल्याच परीक्षेला मुलांना पाचही विषय भरायला लावणं थांबवा.

नियम तुम्हाला ठाऊक आहेत, तरी पालकही हे वाचतील म्हणून लिहितो. एनआयओएसचा प्रवेश पाच वर्षं चालतो. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होते, एकदा एप्रिल-मे आणि एकदा ऑक्टोबर-नोव्हेंबर. या पाच वर्षांत मुलाला नऊ संधी मिळतात. उत्तीर्ण व्हायला किमान पाच विषय लागतात. त्यांत एक भाषा हवीच, दोन चालतात. हवे असल्यास आणखी दोन विषय जास्तीचे घेता येतात. सुटलेल्या विषयाचे गुण खात्यावर जमा राहतात, तो पुन्हा द्यावा लागत नाही. कुठल्या खेपेला किती विषय द्यायचे हे मुलाने ठरवायचं असतं. एक दिला तरी चालतो.

गफलत बहुतेक वेळा एकाच ठिकाणी होते. प्रवेशाच्या अर्जात पाच विषय निवडावे लागतात. परीक्षेच्या अर्जात पाच भरावेच लागतात असं कुठेही नाही. हे दोन अर्ज वेगळे आहेत, त्यांचं शुल्क वेगळं आहे, मुदतीही वेगळ्या आहेत. परीक्षेचं शुल्क विषयागणिक असतं. एप्रिल-मेच्या परीक्षेचे अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरचे जून-जुलैत भरले जातात. केंद्रावर मात्र प्रवेश झाला की 'परीक्षेचंही आत्ताच उरकून टाकू' म्हणून पाचही चौकोनांत खूण होते. याच्या उलटही घडतं. प्रवेशाचे पैसे भरले म्हणजे परीक्षेचेही भरले असं समजून पालक निवांत राहतात आणि हॉल तिकीट काढायला गेल्यावर कळतं की परीक्षेची नोंदणी झालेलीच नाही.

आता हिशेब करू. आठवी-नववीत शाळा सुटलेल्या मुलाला दहावीचा एक लेखी विषय नीट तयार करायला, आमच्या अंदाजाने, दोनशे तास लागतात. गणिताला जास्त, भाषेला थोडे कमी. पाच विषयांचे हजार तास झाले. हे मूल दिवसभर गॅरेजमध्ये, शेतावर, घरकामात किंवा लहान भावंडांच्या मागे असतं. रोज दीड तास, आठवड्यातले सहा दिवस अभ्यास केला तर आठवड्याचे नऊ तास होतात आणि बावन्न आठवड्यांत ४६८. म्हणजे एक दिवसही खंड पडला नाही तरी वर्षभरात निम्मा अभ्याससुद्धा पुरा होत नाही. लग्नं, आजारपणं आणि सुगी यात धरलेलीच नाहीत. प्रवेशापासून पहिल्या परीक्षेपर्यंत तर बहुतेकदा पुरतं वर्षही हातात नसतं. तेवढ्यात पाच विषय होणार कसे? सहा महिन्यांत दोनशे सव्वादोनशे तास होतात. त्यात एक जड विषय बसतो, नाहीतर मराठी आणि एखादा हाताने करायचा विषय अशी जोडी बसते.

पाच भरल्यावर व्हायचं तेच होतं. मूल एकाही विषयाला पुरं तयार नसतं. मराठी सुटते, कधी आणखी एखादा सुटतो, बाकीचे राहतात. एनआयओएसच्या निकालपत्रात राहिलेल्या विषयापुढे 'एसवायसी' असं येतं, म्हणजे हा विषय सुटायचा बाकी आहे. फक्त लेखी राहिलं तर 'एसवायसीटी', फक्त प्रात्यक्षिक राहिलं तर 'एसवायसीपी'. त्या कागदावर दोन विषय कायमचे जमा झालेले दिसत असतात. घरी मात्र त्याचा अर्थ 'तीन विषयांत उडाला' असाच होतो. शाळेत एकदा मागे पडलेलं मूल इथेही मागे पडलं, असं सगळ्यांच्या मनात बसतं. पुढच्या खेपेचं शुल्क भरायला बाप तयार होत नाही. संधी आठ उरलेल्या असतात आणि मूल तिथेच थांबतं. केंद्राच्या वहीत त्याचं नाव पाच वर्षं राहतं, एवढंच.

असं का होतं हेही सांगायला हवं, कारण सगळा दोष समन्वयकांच्या माथी मारणं बरोबर नाही. पालकांना पाच वेळा केंद्रावर यायला परवडत नाही. 'वर्ष वाया जाईल' ही धास्ती शाळेपासूनच भरलेली असते. त्यात एजंट असतात. 'नापास? एका वर्षात थेट दहावी-बारावी, गॅरंटीड' अशा पाट्या लावणारे. ही गॅरंटी नियमातच बसत नाही. दहावी आणि बारावीच्या प्रमाणपत्रांमध्ये दोन वर्षांचं अंतर लागतं. एकच वर्ष झालं असेल तर बारावीच्या चार विषयांपर्यंतच बसता येतं, उरलेला विषय दुसरं वर्ष पुरं झाल्यावर. पाटीवर हे लिहिलेलं नसतं.

म्हणून प्रवेशाच्या दिवशी प्रत्येक मुलाच्या विषयांचा क्रम कागदावर मांडा. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. नमुना म्हणून एका सर्वसाधारण मुलाचा घेऊ. मराठी माध्यम, नववीत शाळा सुटलेली, वय पंधरा. (माध्यमिकच्या प्रवेशाला चौदा वर्षं पुरी लागतात.) विषय मराठी, डेटा एंट्री ऑपरेशन्स, सामाजिक शास्त्र, विज्ञान आणि तंत्रज्ञान, गणित. पहिल्या खेपेला मराठी आणि डेटा एंट्री. डेटा एंट्रीत लेखीला ४० आणि प्रात्यक्षिकाला ६० गुण आहेत, हात चालणारं मूल तिथे मागे राहत नाही. संगणक आवाक्याबाहेर असेल तर चित्रकला बघा, तिथे ७० गुण प्रात्यक्षिकाचे आहेत. दुसऱ्या खेपेला एकटं सामाजिक शास्त्र. पुस्तक जाड आहे, पण दुसऱ्या विषयाचं ओझं नसलं तर सहा महिन्यांत होतं. तिसऱ्या खेपेला विज्ञान. चौथ्याला गणित. अशी दोन वर्षांत दहावी होते आणि पाच संधी शिल्लक राहतात.

गणित शेवटी ठेवलं म्हणजे तोवर वहीला हात लावायचा नाही असं नव्हे. पहिल्या दिवसापासून रोज वीस मिनिटं गणित चालू हवं, परीक्षा तेवढी शेवटी. एनआयओएसच्या गणितात व्यापारी गणिताचा वेगळा घटक आहे. टक्केवारी, नफा-तोटा, हप्ते, व्याज. दुकानात किंवा मंडईत काम करणाऱ्या मुलाला यातलं निम्मं तोंडी येत असतं, फक्त कागदावर मांडता येत नाही. सुरुवात तिथून करा. बीजगणितापासून केलीत तर मूल पहिल्या महिन्यातच गळेल. भूमिती आणि त्रिकोणमिती चौथ्या सहामाहीसाठी राहू द्या.

एक वेगळा क्रमही आम्हाला पटतो. ज्याला पुढे तांत्रिक शिक्षणच घ्यायचं आहे आणि ज्याचं गणित बरं आहे, त्याने दुसऱ्या खेपेलाच गणित उरकावं. पण पहिल्या खेपेला मात्र सुटणारच असा विषय हवा. याला अपवाद नको.

आता टीएमए, म्हणजे शिक्षकांनी तपासायचे स्वाध्याय. यांत किमान गुणांची अट नाही, म्हणून केंद्रांवर ते ऐच्छिक असल्यासारखे वागवले जातात. अंतिम गुणांत त्यांचा भार २० टक्के आहे. काठावरच्या मुलाच्या बाबतीत विषय सुटतो की राहतो हे याच २० टक्क्यांवर ठरतं. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात आलेली नाही. आता प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम दोन भागांत विभागलेला आहे, सुमारे ४० टक्के टीएमएसाठी आणि ६० टक्के लेखी परीक्षेसाठी. कोणता धडा कुठे, याचा तक्ता विषयागणिक संकेतस्थळावर आहे. टीएमएच्या वाट्याच्या धड्यांवर लेखी परीक्षेत प्रश्न येत नाहीत. तरीही मुलं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सारख्याच जोराने वाचत बसतात आणि शेवटच्या, परीक्षेतल्या धड्यांपाशी पोचतच नाहीत. तो तक्ता छापून पुस्तकाच्या आतल्या बाजूला चिकटवून द्या. झेरॉक्सचे दोन रुपये लागतील.

टीएमए ऑनलाइन चढवताना चुका ठरलेल्या असतात. मोबाइलने काढलेले फोटो अंधुक येतात, पानांचा क्रम उलटसुलट होतो, सामाजिक शास्त्राची पीडीएफ विज्ञानाच्या रकान्यात जाते, पहिल्या पानावर नोंदणी क्रमांक नसतो. मुदत एप्रिलच्या परीक्षेसाठी साधारण जानेवारीअखेर आणि ऑक्टोबरसाठी जुलैअखेर असते. शेवटच्या दोन दिवसांत संकेतस्थळ रडतं, हे तुम्ही दर खेपेला बघता. पंधरा दिवस आधीची तारीख केंद्राची मुदत म्हणून लावा आणि तीच खरी मुदत आहे असंच सांगा. एवढं खोटं चालेल.

प्रात्यक्षिकांकडेही असंच दुर्लक्ष होतं. ज्या विषयांना प्रात्यक्षिक आहे तिथे लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्हींत वेगवेगळे ३३ टक्के लागतात. प्रात्यक्षिक लेखीच्या आधी होतं. त्याची तारीख मुलापर्यंत पोचली नाही तर लेखीत ६० पडूनही विषय राहतो. विज्ञानाच्या मुलांना तारखेचा निरोप फोनवर द्या. व्हॉट्सअॅप गटावर टाकलेली सूचना म्हणजे निरोप नव्हे. निम्म्या घरांत फोन वडिलांकडे असतो आणि वडील कामावर असतात.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण बीड, जालना, अहिल्यानगर या भागांतल्या केंद्रांवर ही मुलं दिसतात आणि नेहमीचं वेळापत्रक त्यांना दोन्ही बाजूंनी अडवतं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरची परीक्षा ऐन निघायच्या वेळी येते. कारखान्याचा पट्टा मार्च-एप्रिलमध्ये पडतो, म्हणजे हंगाम संपतो. तो लांबला तर एप्रिल-मेच्या परीक्षेतले सुरुवातीचे पेपर हुकतात. जानेवारीअखेरचा टीएमए तर फडावरच असताना येतो. अशा मुलाचे पाच विषय एप्रिलला भरणं म्हणजे उचलीच्या, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ घेतलेल्या पैशातलं शुल्क वाया घालवणं.

त्यांच्यासाठी दोन वाटा आहेत. एप्रिल-मेच्या खेपेला एक किंवा दोनच विषय, आणि त्यांचे टीएमए गाव सोडण्याआधी केंद्रावर बसवून पुरे करून घ्यायचे. प्रश्न संकेतस्थळावर आले की लगेच कामाला लावायचं, जानेवारीची वाट बघायची नाही. दुसरी वाट ऑन-डिमांड परीक्षेची. मूल गावात असतं जून ते सप्टेंबर. नेमक्या या महिन्यांत सार्वजनिक परीक्षा नसते, पण ऑन-डिमांड असते. विषय तयार झाला की उपलब्ध तारखांतून तारीख घ्यायची आणि जाऊन पेपर द्यायचा. प्रश्नपेढीतून संगणक प्रत्येकाची वेगळी प्रश्नपत्रिका काढतो, त्यामुळे शेजारच्याकडे बघून उपयोग नाही. दहावीला ही सोय २००५ पासून आहे. अडचण अशी की ही परीक्षा क्षेत्रीय केंद्रांवर आणि मोजक्या ठिकाणीच होते. पाथर्डी किंवा आष्टीच्या मुलाला त्यासाठी पुण्याला जावं लागतं आणि एकट्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला, त्यातही मुलीला, घरचे पाठवत नाहीत. पाच-सहा मुलांच्या तारखा एकाच दिवशी घेऊन, एक शिक्षिका सोबत देऊन एसटीने नेणं केंद्राला जमण्यासारखं आहे. प्रवेश कोणत्या प्रवाहात, म्हणजे कोणत्या प्रकारात घ्यायचा हे मात्र आधी ठरवा, कारण ऑन-डिमांडसाठी प्रवेशाचे प्रवाह वेगळे आहेत.

कागदपत्रांकडे येतो. दहावीच्या प्रवेशाला जन्मतारखेचा पुरावा, ओळखपत्र, फोटो, सही आणि आठवीचा दाखला लागतो. आठवी झाल्याचा कागद नसेल तर माध्यमिकचा अभ्यास झेपेल असं स्वतः सही केलेलं लेखी निवेदनही चालतं, म्हणून कागद नाही या कारणावरून मुलाला परत पाठवू नका. सगळ्यांत जास्त पुढे छळतं ते नाव. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर आडनाव, नाव, वडिलांचं नाव असा क्रम असतो, आधारवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव. एनआयओएसच्या अर्जात विद्यार्थ्याचं, आईचं आणि वडिलांचं नाव असे तीन वेगळे रकाने आहेत. विद्यार्थ्याच्या रकान्यात दाखल्यावरचं तिन्ही शब्दांचं नाव जातं, वडिलांच्या रकान्यात नुसतं पहिलं नाव, आणि आईचं नाव कधी माहेरच्या आडनावासकट पडतं. प्रमाणपत्र जसं भरलं तसंच छापून येतं. मग शिष्यवृत्ती, बँक, अकरावीचा प्रवेश, सगळीकडे जुळवाजुळव करत बसावं लागतं. दुरुस्ती होते, पण अर्ज, शुल्क आणि क्षेत्रीय केंद्राचे हेलपाटे आहेतच. अर्ज पाठवण्यापूर्वी पडद्यावरचं नाव मुलाला स्वतःला मोठ्याने वाचायला लावा.

मुख्याध्यापकांना आता थोडं वेगळं सांगायचं आहे.

शंभर टक्के निकालासाठी नववीतच कच्च्या मुलांना बाजूला काढायचं आणि '१७ नंबर भर' किंवा 'एनआयओएस कर' असं सांगायचं, हा प्रकार चालतो हे आपण सगळे जाणतो. १७ नंबरच्या अर्जाने राज्य मंडळाला बसणाऱ्या मुलाला पहिल्या खेपेला सगळे विषय एकदम द्यावे लागतात. वर्गात असताना ज्याला ते झेपत नव्हतं त्याला वर्गाबाहेर झेपेल असं समजणं अजब आहे. एनआयओएसमध्ये विषय तोडून देता येतात, पण रोजचा वर्ग नसतो. संपर्क वर्ग असतात, तेही सक्तीचे नाहीत. शिकवणारं कोणी नसलेल्या मुलाच्या हातात पुस्तकांचा गठ्ठा द्यायचा आणि त्याला स्वतःच्या गतीचं शिक्षण म्हणायचं, हे आम्हाला मान्य नाही. शाळेत टिकू शकणारं मूल शाळेतच टिकवा.

राज्य मंडळाच्या दहावीत एक-दोन विषय गेलेल्या मुलालाही घाईघाईने आमच्याकडे पाठवू नका. त्याला एटीकेटीने, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या सवलतीने, अकरावीत बसता येतं आणि निकालानंतर लगेच पुरवणी परीक्षाही असते. ती वाट जवळची आहे. तीन किंवा जास्त विषय गेलेत, पुरवणी दोनदा देऊनही गणित सुटत नाही, अशा मुलासाठी एनआयओएस खरी कामाला येते. कारण मान्यताप्राप्त मंडळात उत्तीर्ण झालेल्या दोन विषयांपर्यंतचे गुण इकडे वर्ग करून घेता येतात. समजा मराठी आणि सामाजिक शास्त्रांत तो उत्तीर्ण आहे. ते दोन वर्ग करायचे, गणिताऐवजी गृहविज्ञान किंवा डेटा एंट्री घ्यायची आणि तीन विषय द्यायचे. गुण वर्ग करण्याची मागणी प्रवेशाच्या अर्जातच करावी लागते, मूळ गुणपत्रिकेसह. नंतर आठवलं तर पंचाईत होते. वर्ग केलेले गुण प्रमाणपत्रावर तसेच उतरतात, म्हणून ३६ पडलेला विषय वर्ग करावा की पुन्हा देऊन ६० मिळवावेत, हे मुलाला आणि पालकांना समोर बसवून ठरवा.

शाळा सोडल्याचा दाखला मागायला आलेल्या पालकाला थकीत फीसाठी तीन महिने फिरवू नका, हेही लिहायलाच हवं. प्रवेशाची मुदत तेवढ्यात निघून जाते आणि मुलाची एक खेप जाते.

पुढच्या शिक्षणाचा विचार विषय निवडतानाच करावा लागतो. गणित-विज्ञान वगळून दहावी होता येतं. ज्याला दहावीनंतर व्यवसाय किंवा कला शाखा करायची आहे त्याने बेलाशक वगळावं. विज्ञान शाखा, पॉलिटेक्निक यांचा नुसता विचार जरी मनात असला तर दोन्ही ठेवावेत. एनआयओएसची उत्तीर्णता ३३ टक्क्यांची आहे आणि पॉलिटेक्निकच्या प्रवेशाला ३५ टक्के लागतात. काठावर सुटलेलं मूल तिथे दोन टक्क्यांनी अडतं. मानसशास्त्र, लेखाशास्त्र, भारतीय संस्कृती आणि वारसा असे विषयही दहावीला आहेत, पण 'सोपा आहे म्हणतात' एवढ्यावर ते घ्यायला लावू नका. मराठीतून पुस्तक आणि शिकवणारं माणूस दोन्ही आहे का, ते आधी पाहा.

शेवटचा विषय कोणत्या खेपेला द्यायचा, यालाही महत्त्व आहे. एप्रिल-मेच्या परीक्षेचा निकाल साधारण जून-जुलैत येतो, आणि तेव्हा अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाच्या फेऱ्या चालू असतात. २०२५-२६ पासून ही केंद्रीय प्रक्रिया राज्यभर लागू झाली आहे, त्यामुळे कॉलेजात जाऊन प्राचार्यांना विनवण्या करायची सोय आता फारशी राहिलेली नाही. शेवटचा विषय ऑक्टोबर-नोव्हेंबरला संपवला तर गुणपत्रिका, प्रमाणपत्र आणि स्थलांतर दाखला जूनपर्यंत हातात असतो. वर दिलेल्या नमुन्यात चौथी खेप कुठे येते हे पहिल्या प्रवेशाच्या गटावर अवलंबून आहे, म्हणून प्रवेश मार्चनंतरच्या गटात घ्यायचा की सप्टेंबरनंतरच्या, हे उलटीकडून मोजून ठरवा.

परीक्षाकेंद्राबद्दल एक गोष्ट ठणकावून सांगायची आहे. काही एजंट मुलांची नोंदणी परराज्यातल्या केंद्रावर करतात, तिथे 'सोय' असते म्हणून. त्या सोयीतली लबाडी बाजूला ठेवली तरी नुकसान मुलाचंच आहे. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी आणि वैद्यकीय प्रवेशांत राज्याच्या कोट्यासाठी दहावी आणि बारावी राज्यातल्या संस्थेतून उत्तीर्ण असणं पाहिलं जातं. सोळाव्या वर्षी स्वाक्षरी केलेला एक अर्ज अठराव्या वर्षी जागा घालवतो. बारावीच्या मुलांना हेही सांगा की जेईईसाठी एनआयओएसच्या बारावीत किमान पाच विषय लागतात. मुक्त विद्यालयाच्या मुलांना नीटला बसू द्यायचं की नाही हा जुना वाद २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मिटला, त्यांना बसता येतं.

'हे बोर्ड खरं आहे ना?' असं पालक हमखास विचारतात. १९७९ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाचा प्रकल्प म्हणून हे काम सुरू झालं, १९८९ मध्ये स्वायत्त राष्ट्रीय मुक्त विद्यालय झालं, २००२ मध्ये सध्याचं नाव मिळालं. शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली संस्था आहे. एवढं सांगितलं की पुरतं. मंडळ खरं आहे, पण त्याच्या नावाशी साम्य असलेली बनावट मंडळंही आहेत, तेव्हा पैसे फक्त अधिकृत संकेतस्थळावर भरायचे आणि पावती मुलाच्या नावाने घ्यायची, हेही त्याच दमात सांगा.

दिव्यांग मुलांसाठी लेखनिक आणि तासाला वीस मिनिटं जादा वेळ मिळतो. तो परीक्षेच्या सकाळी मागून मिळत नाही. परीक्षेच्या अर्जाबरोबर प्रमाणपत्र जोडून आधी मागावा लागतो. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांचं प्रमाणपत्र मिळायलाच काही महिने जातात, म्हणून प्रवेश झाला की आधी रुग्णालयाची तारीख घ्या, पुस्तकं नंतर. कर्णबधिर मुलांना २०२१ पासून दहावीला भारतीय सांकेतिक भाषा हा विषय भाषा म्हणून घेता येतो. तो फारसा कोणी सुचवत नाही.

वेळ संपत आलेल्या मुलांबद्दल एक सूचना. पाच वर्षं उलटली की उरलेल्या संधी जातात, पण सुटलेले विषय जात नाहीत. नव्याने प्रवेश घेऊन एनआयओएसचेच जुने चार विषयांपर्यंत गुण वर्ग करता येतात. म्हणजे चार सुटलेल्या आणि गणितात अडकलेल्या मुलाला नव्या प्रवेशात गणित बदलून एकच विषय द्यायचा उरतो. तुमच्या वह्यांत अशी नावं नक्की असतील. पाच वर्षांपूर्वीची वही काढा, ज्यांच्यापुढे तीन किंवा चार विषय जमा दिसतात त्यांना फोन लावा. नंबर बदललेला असेल तर गावातल्या आशाताईंना किंवा अंगणवाडीच्या ताईंना विचारा, त्यांना पत्ता असतो.

येत्या खेपेचे परीक्षा अर्ज उघडतील तेव्हा पाच चौकोनांपैकी किती भरायचे हे प्रत्येक मुलाला विचारून मगच माऊस हलवावा, ही विनंती. क्रम मांडायला मदत हवी असेल तर आम्ही केंद्रावर येऊन बसायला तयार आहोत. रविवार चालेल.

आपले,
मुक्त शिक्षणाचे काम करणारे काही शिक्षक आणि मार्गदर्शक